दाखला आणि वळ

कर्जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत जा आणि गुरुजींना जुनं जनरल रजिस्टर काढायला सांगा. जाडजूड, कापडी पाठीचं, कोपऱ्यांना वाळवीने चव घेतलेलं. जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली न्यायला लागलं की लागते ती १ जून. पुन्हा १ जून. मधेच कुणा उत्साही गुरुजींनी ५ जून किंवा १० जून घालून थोडा बदल केलेला, की परत १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा वर्षं पुरी झालेली असायला हवीत, आणि जन्माची नोंद कुठेच नाही. मग गुरुजी पोराला उभं करायचे, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लावायचे आणि डावा कान बोटांत येतो का बघायचे. कान आला, वय भरलं. तारीख १ जून.

हे काही एकट्या वाडीवरचं नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत दर ३१ मे रोजी निरोपसमारंभांची झुंबड उडते ती याच कानामुळे. अर्धा महाराष्ट्र कागदावर जूनमध्ये जन्मला आहे. साहेब लोकांना त्याने फार तर दोन-चार महिने नोकरी कमी-जास्त झाली. पण वाडीवरच्या मुलीच्या बाबतीत ही तारीख कधीतरी न्यायालयात जाऊन बसते, आणि तिथे ती एका फार मोठ्या प्रश्नाचं उत्तर देते. तो प्रश्न असा, की या मुलीची संमती होती की नव्हती?

गेल्या दीडशे वर्षांत आपल्या कायद्याने हा प्रश्न अनेकदा विचारला आणि उत्तरासाठी सहसा दोन ठिकाणी पाहिलं. एक, वयाचा दाखला. दुसरं, अंगावरचे वळ. मुलीच्या तोंडाकडे बघायला त्याला फार वेळ लागला. हा सगळा प्रवास मराठी मुलखात जितका जवळून दिसतो तितका बहुधा कुठेच दिसत नाही, कारण त्याची दोन मोठी वळणं इथेच आहेत. पहिलं मुंबईत, दुसरं चंद्रपूर जिल्ह्यात. आणि त्याचं एक टोक आज कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर येऊन टेकलं आहे.

आधी आपल्या शब्दाचंच बघू. ‘बलात्कार’ या शब्दातच बळ आहे. बळाने केलेलं ते. त्यामुळे मराठी माणसाच्या मनात हा शब्द आला की मागोमाग झटापट येते, फाटलेले कपडे येतात, बांगड्यांच्या काचा येतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेत मात्र ३७५ व्या कलमात बळाची अट नव्हतीच. तिच्या इच्छेविरुद्ध, किंवा तिच्या संमतीवाचून, एवढंच तिथे होतं. धाक घालून मिळवलेली संमती धरायची नाही, हेही होतं. आणि शेवटी एक वय: दहा वर्षं. दहाच्या आतली मुलगी असेल तर संमती होती की नव्हती हे विचारायचंच नाही, मग ती बायको का असेना. म्हणजे कायद्याचे शब्द तसे नीट होते. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र बांगड्यांच्या काचाच होत्या.

१८९१ साली कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातून निघून कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात आला. त्याच वर्षी १९ मार्चला संमतिवयाचा कायदा झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. एकाच वर्षात सरकारने इथल्या डोंगरांची हद्द बदलली आणि मुलींच्या वयाचीही, एवढंच. घाटातून जाणाऱ्या आगगाडीने पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं कर्जत ठेसनावरून पुढे जात होती, आणि त्या पत्रांत त्या वर्षी दुसरा विषय नव्हता.

त्याची सुरुवात एका सुताराच्या जातीतल्या, शिकलेल्या मुलीने केली होती. रखमाबाई. वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजीशी लागलं होतं. ती आईकडेच राहिली; सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, घरात पुस्तकं. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाईंचं म्हणणं सरळ होतं. हे लग्न मला कळत नव्हतं तेव्हा लागलं, मी ते मानत नाही. २१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. एखाद्या बाईला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या घरी ढकलणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. गहजब झाला. अपिलात तो निकाल उलटला, प्रकरण पुन्हा खाली आलं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढची कितीतरी वर्षं सुरत-राजकोटला बायकांची बाळंतपणं करत राहिल्या.

हा दावा बलात्काराचा नव्हता. पण एका बाईने भर न्यायालयात ‘मला विचारलं नव्हतं’ असं म्हटलं, आणि ते वाक्य कायद्याला कुठे ठेवावं हेच कळेना. पारशी सुधारक बेहरामजी मलबारी याच काळात बालविवाहाविरुद्ध पत्रकं काढत होते. मग १८९० मध्ये कलकत्त्याला फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीतल्या नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. वय दहाच्या वर, म्हणून बलात्कार नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी. त्यानंतर सरकारने संमतीचं वय दहावरून बारा करायचं ठरवलं.

पुण्यात रण माजलं. आगरकरांचा ‘सुधारक’ आणि डॉ. भांडारकर कायद्याच्या बाजूला; भांडारकरांनी तर धर्मशास्त्राची वचनं काढून दाखवली की यात धर्म बुडत नाही. टिळक विरुद्ध. टिळकांवर आज यावरून जी टीका होते तिच्यात एक बारकावा सुटतो: मुलींची लग्नं सोळाव्या वर्षाआधी करू नयेत अशी प्रतिज्ञा लोकांनी आपण होऊन घ्यावी, असं त्यांनीच सुचवलं होतं. त्यांचा राग परक्या सरकारचा हात घरात शिरण्यावर होता. तरीही गर्भाधान संस्काराची ढाल त्यांनी वापरली, हेही खरंच. पण मला या सगळ्या वादात खटकतं ते वेगळं. दोन्ही बाजू मुलीच्या अंगाबद्दल बोलत होत्या. ऋतू कधी येतो, शरीर कधी सोसतं, डॉक्टर काय म्हणतात, स्मृती काय म्हणते. कायद्याच्या नावात ‘संमती’ होती आणि चर्चेत फक्त ‘वय’. ‘संमतिवय’ हा जोडशब्द तेव्हापासून मराठीत रुळला तो असा, की त्यातलं पहिलं पद कुणी उच्चारतच नव्हतं.

बारा वर्षं, मग १९२५ मध्ये चौदा, १९४९ मध्ये सोळा. बायकोसाठी दरवेळी एक वर्ष कमी: तेरा, पंधरा. आकडे वर चढत गेले. पुढचं वळण यायला १९७२ साल उजाडलं.

२६ मार्च १९७२, रविवार. देसाईगंज, ज्याला तिकडची माणसं वडसा म्हणतात. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. आईबाप लहानपणीच गेलेली एक आदिवासी मुलगी भावाजवळ राहायची. दोघं मजुरी करून पोट भरायची. ती ज्या घरी कामाला जायची तिथल्या बाईच्या भाच्याशी तिचं सूत जुळलं आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं. भावाला ते पटलं नाही. त्याने पोलीस ठाण्यात तक्रार दिली की माझ्या बहिणीला या लोकांनी पळवलं आहे.

इथे जरा थांबावं. पुढे जे घडलं त्याच्या प्रकाशात ही सुरुवात सगळे विसरतात. ती ठाण्यात आली ती कुणी तिच्यावर अत्याचार केला म्हणून नाही. तिने एका मुलाला ‘हो’ म्हटलं होतं म्हणून तिला बोलावलं होतं.

रात्री सगळ्यांना ठाण्यात आणलं. जबाब झाले. साडेदहाच्या सुमाराला तक्रार घेणाऱ्या हेड कॉन्स्टेबलने सगळ्यांना घरी जायला सांगितलं, आणि भावाला बजावलं की बहिणीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल घेऊन ये. दाखला आण! मग तो स्वतः निघून गेला. ठाण्यात राहिले दुसरा एक हेड कॉन्स्टेबल आणि एक शिपाई. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, मुलीला थांबवून घेतलं. शिपायाने तिला ठाण्यामागच्या संडासात नेलं, टॉर्च लावली, आणि तिने पुढे सांगितल्याप्रमाणे तिच्यावर बलात्कार केला. नंतर हेड कॉन्स्टेबलने तिच्या अंगाशी चाळे केले; तो इतका प्यायलेला होता की त्याच्याच्याने पुढे काही झालं नाही.

बाहेर थांबलेल्या माणसांना दिसलं की दिवे गेलेत आणि दार आतून बंद आहे. त्यांनी हाका मारल्या. लोक जमले. हेड कॉन्स्टेबल बाहेर येऊन म्हणाला, ती तर गेली. थोड्या वेळाने तीच मागच्या बाजूने आली आणि जमलेल्या माणसांसमोर तिने काय झालं ते सांगितलं. गर्दी खवळली. ठाण्याची धडगत नाही असं दिसू लागलं, तेव्हा घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला परत यावं लागलं आणि तक्रार नोंदवली गेली. महाराष्ट्रातल्या एका लहानशा गावात, १९७२ साली, एका अनाथ मजूर मुलीच्या शब्दावर मध्यरात्री गाव उभा राहिला, हे मला त्या प्रकरणातलं फार मोलाचं वाटतं. गावाने वळ बघितले नाहीत. न्यायालयांनी बघितले.

दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता वैद्यकीय तपासणी झाली. अंगावर जखम नाही. योनिपटलाच्या चिरा जुन्या. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. त्या वेळी संमतीचं वय सोळा होतं. चौदा ते सोळा म्हटल्यावर प्रश्न मिटायला हवा होता असं कुणालाही वाटेल. पण ज्या जन्माच्या नोंदीची नक्कल त्या रात्री मागितली होती तिने काही हा प्रश्न सोडवला नाही. डॉक्टरांचा अंदाज तो अंदाज, आणि शंकेचा फायदा आरोपीला.

चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांचा निकाल १ जून १९७४ चा आहे. हो, १ जून. त्यांनी मुलीला धडधडीत खोटं बोलणारी ठरवलं. शरीरसंबंध झाला असेल, पण बलात्कार सिद्ध होत नाही, असं म्हटलं. तिला शरीरसंबंधांची सवय होती, आणि बाहेर प्रियकर व गर्दी उभी दिसल्यावर स्वतःला चांगलं ठरवण्यासाठी तिने बलात्काराची गोष्ट रचली, असा त्यांचा तर्क. दोघे सुटले. १२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. त्या निकालातला मुद्दा साधा आणि शहाणपणाचा होता. ठाण्यात रात्री अडकवलेली मुलगी, समोर अनोळखी पोलीस. ती आपण होऊन पुढाकार घेईल हे संभवत नाही. तिने झटापट केली नसेलही, पण नाइलाजाने सोसणं म्हणजे संमती नव्हे. शिपायाला पाच वर्षं, हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष.

१५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडलं. न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल. निकाल कोशल यांनी लिहिला. अंगावर एकही खूण नाही, म्हणजे जोराचा प्रतिकार केल्याची गोष्ट खोटी. आरडाओरडा केल्याची गोष्टही बनावट. हाताला धरून नेलं तेव्हा भाऊ जवळ होता, मग तिने त्याला हाक का मारली नाही? उच्च न्यायालयाने ज्याला नाइलाज म्हटलं त्याला सर्वोच्च न्यायालयाने पुरावा मागितला: भीती होती तर ती जिवाची किंवा इजेची भीती होती, हे दाखवा. झालेला प्रकार बिनबोभाट, शांतपणे पार पडलेला होता असा त्यांचा निष्कर्ष.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी संडासातली ती टॉर्च येते. पोलीस ठाणं, बंद दार, रात्रीचे अकरा, गणवेशातला माणूस. आणखी कुठल्या भीतीचा पुरावा हवा होता?

निकालाचं अधिकृत नाव ‘तुकाराम आणि आणखी एक विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असं आहे. अभ्यासकांच्या पुस्तकांत आणि चळवळीत मात्र हे प्रकरण त्या मुलीच्या नावाने ओळखलं जातं. ते नाव मी इथे लिहीत नाही. पीडितेचं नाव छापणं हा गुन्हा आहे असं कलम १९८३ मध्ये आलं, आणि ते आलं तेच तिच्या प्रकरणाने पेटलेल्या चळवळीतून. तिच्यानंतर आलेल्या सगळ्यांना झाकणारा तो पडदा तिला स्वतःला कधी मिळाला नाही.

निकाल आला तेव्हा कुणाचं लक्षही गेलं नाही. वर्षभराने, १६ सप्टेंबर १९७९ ला, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. पत्राचा सूर प्राध्यापकी नव्हता. दुखावलेल्या माणसांचा होता. संमतीत मुकाट्याने होऊ देणं असतं, पण मुकाट्याने होऊ देण्यात संमती असतेच असं नाही, हा त्यातला गाभा. त्यांनी आणखी एका जागी बोट ठेवलं. याच न्यायालयाने निकालाच्याच वर्षी नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात बाईला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावल्याबद्दल पोलिसांची कानउघाडणी केली होती. सत्पथी ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. मजूर पोरीला रात्री ठाण्यात ठेवून घेतलं त्याबद्दल मात्र निकालात अवाक्षर नाही.

पत्र हातोहात फिरलं. नागपुरात सीमा साखरे यांनी प्रश्न हाती घेतला. मुंबईत १९८० च्या सुरुवातीला बायका एकत्र आल्या आणि बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० ला मुंबई, नागपूर, दिल्लीसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. बलात्कार हा शब्द मोठ्याने उच्चारत बायकांचा मोर्चा निघतो हे दृश्य बऱ्याच घरांनी पहिल्यांदा पाहिलं. तोवर घरात त्यासाठी ‘तसलं काहीतरी’ असाच शब्द होता. फेरविचाराचा अर्ज फेटाळला गेला. ज्यांच्या सुटकेवरून एवढं रान उठलं ते दोघे सुटलेलेच राहिले.

पण कायदा हलला. विधी आयोगाने १९८० मध्ये आपला चौऱ्याऐंशीवा अहवाल दिला आणि डिसेंबर १९८३ मध्ये दुरुस्ती अमलात आली. ताब्यातल्या बाईवर पोलिसाने, तुरुंगाच्या किंवा रुग्णालयाच्या माणसाने केलेला बलात्कार वेगळा गुन्हा झाला, किमान दहा वर्षांचा. इतरांसाठी किमान सात. सुनावणी बंद दाराआड. आणि पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आलं. ताब्यात असताना शरीरसंबंध झाला हे सिद्ध झालं आणि बाईने सांगितलं की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच धरून चालायचं. उलट सिद्ध करायचं ते आरोपीने. म्हणजे देसाईगंजच्या त्या एका खोलीपुरतं का होईना, बाईच्या शब्दाला पहिल्यांदा वजन मिळालं.

खोलीबाहेर जुनंच चालू राहिलं. बाई ‘चालीची’ नाही हे दाखवून तिची साक्ष पाडायची मुभा पुरावा कायद्यात होती. ती २००२ च्या दुरुस्तीने गेली. दोन बोटांची ती घाणेरडी तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा ठणकावून सांगावं लागलं. मधे डिसेंबर २०१२ ची, दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराची ती रात्र होती. त्यानंतर नेमलेल्या वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि २०१३ च्या दुरुस्तीत संमतीची व्याख्या अखेर कलमात लिहिली गेली: शब्दांनी, हावभावांनी किंवा आणखी कशाने स्पष्टपणे दिलेला, आपखुशीचा होकार. पुढे एक ओळ आहे, की बाईने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. ही ओळ वाचताना पलीकडे देसाईगंजचं ठाणं स्पष्ट दिसतं. एकेचाळीस वर्षांनी त्या मुलीला दिलेलं उत्तर आहे ते. १ जुलै २०२४ पासून तीच व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात बसली आहे.

वळांचा पुरावा असा मागे पडला. दाखला मात्र पुढे सरकला.

२०१२ च्या नोव्हेंबरमध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा लागू झाला, सगळे त्याला पोक्सो म्हणतात. वय अठरा. २०१३ च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दंड संहितेतलं वय सोळा ठेवायचं ठरवलं होतं, पण सर्वपक्षीय बैठकीत ते अठरा झालं. बायकोसाठीची पंधराची पळवाट ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. आता अठराच्या आत नवरा असो, प्रियकर असो, तिने हो म्हटलेलं असो, कायद्याच्या लेखी तिची संमती नाही. आणि अठराच्या वर नवरा असेल तर तिचा नकार कायद्याच्या लेखी बलात्कार ठरत नाही. रखमाबाईंचं वाक्य अजून ठेवायला जागा मिळालेली नाही.

हे अठरा चुकीचं आहे असं म्हणायला मी धजत नाही. २०१४ साली कर्जत तालुक्यातल्याच एका खाजगी निवासी संस्थेतल्या लहान मुलांवरच्या अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा हाच कायदा होता म्हणून निदान त्या पोरांना ‘विरोध का केला नाही’ असं कुणी विचारू शकलं नाही. बांधकामावर, फार्महाऊसवर, भट्टीवर मुलीच्या गरिबीचा फायदा घेणारा माणूस ‘ती राजीखुशीने आली’ असंच म्हणत असतो.

पण वाडीवरचं जगणंही बघावं लागतं. कर्जत आणि खालापूर म्हणजे बाहेरच्याला माथेरानचा पायथा, एक्सप्रेस-वेचा टोलनाका आणि शनिवार-रविवारचे बंगले. त्या बंगल्यांच्या मागच्या डोंगराला कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. कातकरी म्हणजे खैराचा कात काढणारे. खैर गेला, नाव राहिलं. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन अख्खं कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातं ते पाऊस तोंडावर आला की परततं. तेरा-चौदाची मुलगी मागे कुणाजवळ ठेवायची? तीही जाते. शाळा सुटते. भट्टीवर जोड्या जमतात. पोरगं पोरीला घेऊन आपल्या झोपडीत राहायला लागतं; हळद, मांडव, जेवण हे पैसे जमतील तेव्हा, कधी पहिलं मूल रांगायला लागल्यावर. या सगळ्यात तिची खुशी किती आणि आईबापाची चिंता मिटवायची घाई किती, हे बाहेरून सांगता येत नाही. काही वेळा तिलाही सांगता येत नसावं. पण तिला विचारायचं म्हटलं, तरी कायद्यात आता तसा रकाना नाही.

ती गरोदर राहते आणि आशाताई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन जाते. नोंदवहीत वय लिहावं लागतं. अठराच्या आत निघालं की पोक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक. न कळवल्यास त्यांच्यावरच गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलगी गरोदर राहिली असेल तर त्या पोराला किमान वीस वर्षं. मुलीने न्यायाधीशांसमोर ‘मी आपल्या मनाने गेले’ असं कितीही सांगितलं तरी कलमाला त्याचं काही करता येत नाही. हे माहीत झाल्यावर काही घरं दवाखान्यात जायचंच टाळतात, आणि बाळंतपण झोपडीत होतं.

मग प्रश्न उरतो वयाचा. ते कसं ठरवायचं हे बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात क्रमाने दिलं आहे. आधी शाळेचा दाखला. तो नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची जन्मनोंद. तीही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड जन्मतारखेचा पुरावा धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. पहिला मान शाळेचा.

समजा, २०२४ च्या जानेवारीत अशी एक पोर दवाखान्याच्या बाकावर बसली आहे. शेजारी तिची आई. नर्सबाई विचारतात, “हिचं वय काय गं?”

आई हिशेब तिच्या पद्धतीने करते. २६ जुलैचा तो मोठा पूर आला, उल्हास नदी रस्त्यावर आली, तेव्हा ही पोटात होती. भात कापायला आलं तेव्हा झाली. म्हणजे २००५ चा ऑक्टोबर. म्हणजे अठरा पुरी होऊन तीन महिने झाले.

नर्सबाईंना तो पूर आठवतो, त्याही इथल्याच. पण आशाताईने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला शाळा सोडल्याचा दाखला काढून टेबलावर ठेवलेला असतो. दुसरी इयत्ता, सतत गैरहजर. जन्मतारीख १ जून २००६.

नर्सबाई बोटांवर मोजतात. सतरा. पेन उचलतात, आणि फोन जवळ ओढतात.